लोकसंगीत आणि जॅझ मुरलेला जुना रॉक अल्बम पहिल्यांदा ऐकताना: क्रम काय ठेवावा, चुका कुठे होतात

कुणीतरी आग्रहाने एखादा जुना रॉक अल्बम सुचवतं. आपण तो लावतो. गिटार आहे, ड्रम आहेत, पण रॉकचा अपेक्षित दणका नाही. मध्येच बासरी येते. एक गाणं सात मिनिटं शब्दांविना चालतं, पुढचं गाणं शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचं वाटतं. पंधरा मिनिटांत लक्ष उडतं आणि निकाल लागतो: ‘आपल्याला नाही जमत हे.’

अशा वेळी कानाचा दोष क्वचितच असतो, चुकतो तो ऐकण्याचा क्रम. बहुतेक जण आधी समीक्षा वाचतात, मग गाण्याचे शब्द समोर ठेवतात, मग सर्वांत गाजलेलं गाणं लावतात, आणि बासकडे, म्हणजे सर्वांत खालच्या स्वरांच्या वाद्याकडे, शेवटपर्यंत लक्षच देत नाहीत. हा क्रम जवळजवळ उलटा करायचा आहे: आधी अख्खा अल्बम, मग त्याचा तळ म्हणजे बास आणि ड्रम, मग तळावर चालणारी वाद्यं, मग शब्द, आणि माहिती सर्वांत शेवटी.

उदाहरणासाठी मी ट्रॅफिक या इंग्लिश बँडचा १९७० चा ‘जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय’ घेतो. त्यात सहाच गाणी आहेत, एकूण वेळ सुमारे ३५ मिनिटं, आणि रॉक, जॅझ, लोकसंगीत हे तिन्ही धागे वेगवेगळे हाती लागतात. तुमच्यासमोर पेंटँगलचा ‘बास्केट ऑफ लाइट’ (१९६९), व्हॅन मॉरिसनचा ‘अ‍ॅस्ट्रल वीक्स’ (१९६८), टिम बकलीचा ‘हॅपी सॅड’ (१९६९) किंवा जॉन मार्टिनचा ‘सॉलिड एअर’ (१९७३) असेल, तरी टप्पे हेच राहतील.

## १. मूळ गाण्यांची यादी मिळवा

स्ट्रीमिंगवर शोधलं की बऱ्याचदा वर येते ती वाढीव आवृत्ती. मूळ सहा-आठ गाण्यांच्या मागे मैफलीतली ध्वनिमुद्रणं, त्याच गाण्याचे वेगळे टेक, कच्चे मसुदे जोडलेले असतात. ‘जॉन बार्लीकॉर्न’च्याही नंतरच्या सीडी आवृत्त्यांमध्ये अशी भर आहे. अल्बम ओळखीचा झाल्यावर या गोष्टी आनंद देतात. पहिल्या वेळी मात्र त्या अल्बमचा शेवट पुसून टाकतात: जिथे तो थांबायला हवा तिथे तो थांबतच नाही.

एलपी तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात. म्हणजे एका तबकडीचा अल्बम ३० ते ४५ मिनिटांत संपायला हवा. समोरची यादी सव्वा तासाची असेल, तर तो मूळ अल्बम नाही किंवा तो दोन तबकड्यांचा आहे. नक्की काय ते आधी पाहून घ्या.

एका कागदावर पहिल्या आणि दुसऱ्या बाजूची गाणी वेगवेगळी लिहा. प्रत्येक नावापुढे थोडी मोकळी जागा ठेवा, ती पुढे लागणार आहे. मग तेवढ्याच गाण्यांची स्वतःची प्लेलिस्ट करा.

सावध: यादी शोधताना समीक्षा, तारे, ‘सर्वश्रेष्ठ शंभर’ यांतलं काही वाचू नका. नावं आणि वेळा पुरेत. नव्याने उजळलेला रीमास्टर चांगला की जुनी प्रत, या वादातही आत्ता शिरू नका. पहिल्या चार ऐकण्यांत त्याने फरक पडत नाही.

## २. साधनं आणि सेटिंग तपासा

ही पाच मिनिटांची कामं आहेत, पण ती टाळल्याने जितके अल्बम वाया गेलेले मी पाहिले, तितके दुसऱ्या कशानेही नाही.

शफल बंद करा. दोन गाणी एकमेकांत मिसळणारी क्रॉसफेडची सोय बंद करा. ‘जॉन बार्लीकॉर्न’मधलं पहिलं गाणं ‘ग्लॅड’ अखेरीला मंदावत जातं आणि त्यातूनच ‘फ्रीडम रायडर’ उगवतं. हा सांधा कलाकारांनी जोडलेला आहे, त्यावर अ‍ॅपने आपला सांधा चढवला की दोन्ही बिघडतात. त्याच कारणासाठी गाण्यांमध्ये खंड न पडू देणारी गॅपलेस सोय चालू ठेवा.

अल्बम संपल्यावर आपोआप दुसरी गाणी सुरू करणारा ऑटोप्ले बंद करा. शेवटच्या स्वरानंतरची शांतता ऐकायची आहे. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय असेल तर तीही बंद ठेवा. ती प्रत्येक गाणं सुटं मोजत असेल, तर एकट्या गिटारचं हळुवार गाणं आणि भरगच्च वाद्यमेळाचं गाणं एकाच उंचीवर येऊन बसतात.

आता स्पीकर. उभ्या डबल बासच्या सर्वांत खालच्या तारेची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्‌झ असते. फोनचा स्पीकर त्याच्या जवळपासही जात नाही. तिथे बास ऐकू आला असं वाटतं ते त्याच्या वरच्या उपस्वरांमुळे. या प्रकारच्या अल्बममध्ये अर्धी गोष्ट बासच सांगतो, म्हणून साधे का होईना, पण हेडफोन किंवा दोन सुटे स्पीकर हवेतच.

दोन्ही कान वापरा. त्या काळच्या स्टिरिओ मिश्रणात अनेकदा एखादं वाद्य पूर्णपणे एकाच बाजूला ठेवलेलं असतं. एकच इअरफोन लावला की ते वाद्य तुमच्यापुरतं अल्बममध्ये नसतंच.

तपासणी: तुमच्या चांगल्या ओळखीचं, बास असलेलं एखादं गाणं लावा आणि फक्त बासची ओळ गुणगुणून पाहा. जमत नसेल तर साधन बदला किंवा आवाज थोडा वाढवा. फार हळू आवाजात कानाला खालचे स्वर मुळातच कमी ऐकू येतात. एकदा पातळी ठरली की अल्बम संपेपर्यंत तिला हात लावू नका.

## ३. वेळ बाजूंच्या हिशेबाने काढा

एका बैठकीत दोन्ही बाजू ऐका, पण मध्ये उठा. दोन-तीन मिनिटं, तबकडी उलटायला उठावं तसं.

हे अल्बम रचताना दोन सुरुवाती आणि दोन शेवट असा विचार होत असे. ‘अ‍ॅस्ट्रल वीक्स’च्या तर दोन बाजूंना वेगवेगळी नावंच दिलेली आहेत. ‘जॉन बार्लीकॉर्न’च्या पहिल्या बाजूवर ‘ग्लॅड’, ‘फ्रीडम रायडर’, ‘एम्प्टी पेजेस’, आणि दुसरीवर ‘स्ट्रेंजर टू हिमसेल्फ’, ‘जॉन बार्लीकॉर्न’, ‘एव्हरी मदर्स सन’. सलग ऐकणाऱ्याला पाचव्या क्रमांकाचं लोकगीत वाटेत आलेला अडथळा वाटतं. मध्ये थांबलेल्याला तेच दुसऱ्या बाजूच्या बरोबर मध्यभागी, इलेक्ट्रिक वाद्यांच्या दोन गाण्यांच्या मधोमध ठेवलेलं दिसतं. मला स्वतःला हे बरंच उशिरा लक्षात आलं. तोवर ते गाणं मी दर वेळी वगळत होतो.

प्रवासात, स्वयंपाक करताना, काम करताना पहिली ऐकणी करू नका. नंतर खुशाल करा.

## ४. पहिली ऐकणी: फक्त खुणा

दिवा मंद, फोन दूर, कागद-पेन्सिल जवळ. प्रत्येक गाण्यापुढे जास्तीत जास्त एक खूण करायची. कुठे कान टवकारले तर टिंब. कुठे लक्ष सुटलं तर आडवी रेघ. दोन्ही नाही झालं तर काहीच नाही.

आवडलं की नाही, हे लिहू नका. पहिल्या वेळी कान ओळखीच्या गोष्टी शोधत असतो आणि त्या सापडल्या नाहीत की त्यालाच ‘नावडलं’ म्हणतो. ‘लक्ष कुठे सुटलं’ ही नोंद मात्र खरी असते, आणि पुढे तीच कामाला येते. बहुतेक आडव्या रेघा दोन ठिकाणी पडतात: लांबलेल्या वाद्यवादनात, आणि ध्रुवपद नसलेल्या लोकगीतात. सहावा आणि सातवा टप्पा त्यांच्यासाठीच आहे.

मागे जाऊन पुन्हा ऐकू नका. पुढे ढकलू नका. किती वेळ उरला ते दाखवणारी पट्टी दिसणार नाही असं करा.

संपल्यावर दोन मिनिटं गप्प बसा आणि कोणती धून डोक्यात राहिली ते पाहा. काहीच राहिली नसेल तरी हरकत नाही. त्या दिवशी पुन्हा लावू नका.

## ५. दुसरी ऐकणी: तळ

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच वगळला जातो.

गायकाकडे लक्ष देऊ नका. सुरुवातीला हे अवघड जातं, कारण मानवी आवाज कानाला आपल्याकडे ओढतो. बास ऐका, आणि बासबरोबर ड्रम. पहिलं गाणं संपेपर्यंत लक्ष दहा वेळा सुटेल. दर वेळी परत आणा.

बास कसा चालतोय? रॉकमध्ये तो अनेकदा एकच छोटी आकृती पुन्हा पुन्हा वाजवतो. जॅझमध्ये तो चालतो: प्रत्येक मात्रेला एक स्वर, पायऱ्या चढल्या-उतरल्यासारखा. तिसरा प्रकार म्हणजे बास गायकाशी बोलतो, त्याच्या ओळी संपल्या की उत्तर देतो. ‘अ‍ॅस्ट्रल वीक्स’वर रिचर्ड डेव्हिस हे जॅझचे बासवादक आहेत आणि ड्रमवर मॉडर्न जॅझ क्वार्टेट या जॅझ चमूचे कॉनी के. त्यातलं ‘मॅडम जॉर्ज’ पावणेदहा मिनिटांच्या आसपास चालतं आणि जवळजवळ तीनच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर) उभं आहे. आवाजामागे ऐकलं तर ‘काहीच घडत नाही’ असं वाटतं. डेव्हिस यांच्या बोटांमागे ऐकलं तर एक कडवंही दुसऱ्यासारखं राहत नाही.

ड्रम कशाने वाजतोय? काठीचा सरळ ठोका की तारांच्या ब्रशची सळसळ? झांजेवर समान अंतराचे ठोके की ‘टिंग, ट-टिंग’ असा झुलता ठेका? मात्रेचे दोन भाग समान असतील तर चाल रॉककडची. पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड असेल तर तो जॅझचा स्विंग. या अल्बममध्ये एकाच गाण्यात चाल बदलू शकते. बदलली की कागदावर वेळ लिहा.

मात्रा मोजा. बहुतेक गाणी चार मात्रांची असतात, पण इथे एक खास चूक होते. रॉकमध्ये स्नेअरचा (ड्रमसंचातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) जोरदार ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. जोराचा ठोका म्हणजे सम, या सवयीने आपण तिथून मोजायला लागतो आणि सगळं आवर्तन एका मात्रेने सरकतं. सम स्नेअरवर शोधू नका. बासचा स्वर जिथे घरी परततो आणि कॉर्ड बदलते, तिथे शोधा.

चारचा हिशेब जुळतच नसेल तर पाच किंवा सात मोजून पाहा. सरावासाठी जेथ्रो टल या बँडचं १९६९ चं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ घ्या. ते पाच मात्रांचं आहे आणि बास ते अगदी स्पष्ट मांडतो. त्यानंतर पेंटँगलचं ‘लाइट फ्लाइट’. त्यात मात्रांचे गट पाच, सात असे बदलत राहतात, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात हात अडखळला तर तो चुकीचा अडखळलेला नाही.

‘जॉन बार्लीकॉर्न’मध्ये या वेळी एक गोष्ट शोधा. ट्रॅफिक तेव्हा तिघांचंच होतं: स्टीव्ह विनवूड, ख्रिस वूड, जिम कॅपाल्डी. वेगळा बासवादक नव्हता, ते कामही विनवूड यांनीच उचललं. आणि शीर्षकगीतात ड्रमसंच नाहीच. चार गाणी पायाखाली असलेली जमीन तिथे काढून घेतली जाते. पहिल्या ऐकणीत तुमची रेघ तिथे पडली असेल तर कारण हे असू शकतं.

तपासणी: कुठल्याही एका गाण्याची बासची ओळ, गाणं बंद असताना, चार मात्रांपुरती तरी गुणगुणता येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नका. हीच ऐकणी आणखी एकदा करा.

## ६. तिसरी ऐकणी: वाजवता वाजवता सुचलेलं

आता वरची वाद्यं: बासरी, सॅक्सोफोन, पियानो, ऑर्गन, व्हायब्राफोन. आडवी रेघ पडलेल्या लांब वादनांकडे मुद्दाम जा.

जॅझची साधी घडण अशी असते: आधी धून मांडायची, मग तिच्याच कॉर्डवर एकेकाने उत्स्फूर्त वाजवायचं, शेवटी धून परत. रॉकवाले हे पुष्कळदा आणखी सोपं करतात आणि दोन कॉर्ड फिरत्या ठेवून त्यावर वाजवतात. ऐकणारा हरवतो कारण वादन सुरू झाल्यावर तो धून सोडून देतो. ती सोडू नका. वादक काहीही वाजवत असला तरी मूळ धून मनात चालू ठेवा. मग कळतं की तो कुठे तिच्याजवळ येतो, कुठे मुद्दाम दूर जातो. ‘ग्लॅड’मध्ये हे करून पाहा: सुरुवातीची पियानोची ठाशीव आकृती पाठ होईपर्यंत ऐका आणि मग तिला धरून उरलेल्या गाण्यातून चाला.

दुसरं, एकट्या वादकाकडेच पाहू नका. त्याने वाक्य संपवलं की ड्रम किंवा पियानो काय करतो? या संगीतातला खरा आनंद त्या देवाणघेवाणीत आहे.

दोन ध्वनींबाबत हमखास गैरसमज होतो. बासरीतून घरघर किंवा गुणगुण ऐकू आली तर ध्वनिमुद्रण खराब आहे असं समजू नका. फुंकताना त्याच वेळी घशातून गाण्याची ती पद्धत आहे. जॅझमध्ये रोलंड कर्क ती वाजवत, आणि जेथ्रो टलचे इयन अँडरसन यांनी ती रॉकमध्ये आणली. बँडच्या १९६८ च्या पहिल्या अल्बमवर कर्क यांची एक रचनाही आहे. दुसरा ध्वनी व्हायब्राफोनचा. ‘हॅपी सॅड’वर डेव्हिड फ्रीडमन यांनी तो वाजवला आहे. त्याच्या धातूच्या पट्ट्यांचा लांबत, किंचित थरथरत जाणारा नाद बरेच जण इलेक्ट्रिक पियानोचा समजतात.

तपासणी: धून परतण्याच्या क्षणभर आधी ‘आता येणार’ असं वाटतं का? वाटत असेल तर तुम्ही गाण्याच्या आत आहात.

## ७. लोकगीताचा धागा, आणि आता शब्द

लोकगीतात माणसं ध्रुवपदाची वाट पाहत बसतात. ते येतच नाही. एकच चाल, कडव्यामागून कडवं, कारण चालीचं काम गोष्ट वाहून नेण्याचं असतं. म्हणून इथे प्रश्न बदला: चाल तीच असताना दर कडव्यात नवीन काय आलं? कडवी मोजा आणि प्रत्येकापुढे लिहा: फक्त गिटार, बासरी आली, दुसरा आवाज आला, ताल जाड झाला.

गिटारकडेही एकदा नीट लक्ष द्या. इंग्लिश लोकसंगीतातल्या वादकांनी तारा नेहमीपेक्षा वेगळ्या जुळवायची पद्धत रुजवली. नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई ऐवजी डी-ए-डी-जी-ए-डी ही त्यातली एक, गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांच्यामुळे पसरलेली. त्यात मोकळ्या तारा सतत घुमत राहतात आणि चाल त्यांच्यावर तरंगते. धड आनंदी नाही, धड दुःखी नाही असं वाटण्याचं एक कारण तिथे असतं.

शब्दांचा कागद उघडायचा तो आत्ता. शब्द आधी वाचले की डोळे कानाच्या पुढे धावतात आणि वाद्यं पार्श्वभूमी होऊन जातात.

पण उघडण्याआधी एक ठरवा: गाणं गोष्ट सांगतंय की अवस्था? ‘जॉन बार्लीकॉर्न’ ही गोष्ट आहे. तीन माणसं शपथ घेतात की जॉन बार्लीकॉर्न मेलाच पाहिजे. त्याला नांगरतात, मातीत गाडतात, तो पुन्हा वर येतो, त्याला दाढी फुटते, मग त्याला गुडघ्यातून कापतात, बांधतात, दळतात. जॉन म्हणजे बार्लीचं पीक आणि शेवटी उरते ती तिची दारू. हे कळल्यावर पुन्हा ऐका: एवढी हिंसा आणि आवाज इतका शांत. याउलट ‘अ‍ॅस्ट्रल वीक्स’मध्ये मॉरिसन एखादा शब्द घोळवत, तोडत, पुन्हा पुन्हा म्हणतात. तिथे कथानक शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. शब्द हेही एक वाद्य धरून ऐका.

## ८. आता माहिती वाचा

वादकांची यादी काढा आणि आपल्या नोंदींशी ताडून पाहा. सॅक्सोफोन समजलात ती बासरी निघाली का? दोन आवाज एकाच माणसाचे होते का? चूक सापडली की त्या जागी परत जाऊन ऐका. अशी दुरुस्ती कान विसरत नाही.

मग तुम्हाला भावलेला एक वादक निवडा आणि त्याच्या मागे दुसऱ्या अल्बममध्ये जा. पेंटँगलमधला उभा बास आवडला असेल तर तो डॅनी थॉम्प्सन यांचा. तेच ‘सॉलिड एअर’वर जॉन मार्टिन यांच्यासोबत आहेत. गायकाच्या मागे गेलात तर बहुधा तोच रंग पुन्हा मिळतो. बासवादकाच्या मागे गेलात तर एका प्रकारच्या संगीतातून दुसऱ्यात जाण्याची वाट मिळते.

समीक्षा वाचायच्या असतील तर त्यानंतर. आता तुमच्याकडे स्वतःच्या नोंदी आहेत, त्यामुळे कुणाचं पटलं नाही तर नेमकं कुठे पटलं नाही ते सांगता येईल.

## ९. आठवडाभर थांबा, मग ठरवा

आठवडाभर तो अल्बम लावू नका. नंतर एकदा सहज, खुणा न करता, पूर्ण ऐका आणि जुना कागद समोर ठेवा. आडव्या रेघांपैकी किती जागी या वेळी लक्ष सुटलं नाही ते पाहा. अर्ध्या जरी पुसल्या गेल्या असतील तर अल्बम जवळ ठेवा. एकही पुसली गेली नसेल तर निःशंकपणे बाजूला करा. चार वेळा नीट ऐकून आलेला नकार पक्का असतो आणि त्याबद्दल कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

एकच गाणं आवडलं असेल तर ते उचलून दुसऱ्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये टाकू नका. ते ज्या बाजूवर आहे ती अख्खी बाजू ठेवा, आणि अधूनमधून तेवढी वीस मिनिटं लावा.